वर्गणी आणि अर्ज

खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला 2025 मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला, आणि ‘लोकसहभाग’ हा शब्द पुन्हा भाषणांत घुमू लागला. तिथलं कौतुक रास्तच आहे. मोठी मुलं लहानांना शिकवतात, गाव पाठीशी उभं राहतं. पण एरवी आपल्याकडे लोकसहभाग म्हणजे भिंती रंगवणं, टीव्ही संच देणं आणि देणगीदारांचा फलक लावणं. (फलकाचा रंग मात्र कधी उडत नाही.) मुलांच्या वाट्याची खरी संधी अनेकदा एका अर्जावर अडलेली असते. आठवीत आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा देऊन निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. शेतमजुराच्या घरात त्या पैशावर मुलीचं शिक्षण तरतं. नवोदय विद्यालयात किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. पण उत्पन्नाचा दाखला काढायला एका दिवसाची मजुरी बुडवून तहसीलला कोण जाणार, परीक्षेच्या सकाळी केंद्रावर मुलांना कोण नेणार? शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. त्यांच्या बैठकीत पोषण आहाराच्या तांदळाइतकाच हा विषय निघायला हवा. शिक्षकांच्या रिकाम्या जागा मात्र गावाला वर्गणीतून भरायला लावू नयेत. ते काम सरकारचं.