बॅटरी बदलण्याआधी करंट कुठे जातोय ते शोधा



आज पिकाचा नाही, ट्रॅक्टरचा सल्ला आहे. गळीत हंगामात एक तक्रार नेहमी ऐकू येते. "संध्याकाळी गाडी चांगली लावली, सकाळी सेल्फच मारत नाही." मग धक्का मारायचा, दुपारी दुकानात जायचं आणि नवी बॅटरी आणायची. चार-आठ दिवसांनी पुन्हा तेच. आमचं स्पष्ट मत असं: करंट कुठे जातोय हे मोजल्याशिवाय कोणीही नवी बॅटरी घेऊ नये.

साधा हिशेब बघा. ७५ अँपिअर-अवरची बॅटरी आहे आणि गाडी बंद असताना कुठूनतरी १ अँपिअर करंट जातोय. ७५ तासांत, म्हणजे तीन दिवसांत, ती पूर्ण रिकामी होणार. सेल्फ मारायची ताकद त्याच्या बरीच आधी जाते. नवी बॅटरी घातली तरी गळती तशीच राहते. शिवाय वारंवार पूर्ण उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटा खराब होतात आणि नवी बॅटरीही लवकर मरते. तोवर जुनी बॅटरी, जी कदाचित चांगलीच होती, बदल्यात देऊन टाकलेली असते.

*चोर बहुतेक वेळा चावीपाशीच*

आपल्याकडचे बरेच ट्रॅक्टर चावीने बंद होत नाहीत, स्टॉपची दांडी ओढून बंद होतात. इंजिन थांबलं की माणूस उतरतो आणि चावी चालूच राहते. दुसरं म्हणजे धूळ, पाणी आणि झीज यामुळे इग्निशन स्विचच्या आतले पॉइंट चिकटतात. चावी बंद दिसते, पण आतून करंट चालूच. पेट्रोलच्या गाडीत असं झालं तर इंजिन बंदच होत नाही, त्यामुळे लगेच कळतं. डिझेल ट्रॅक्टरमध्ये कळत नाही. मीटरमधला चार्जिंगचा दिवा पेटलेला राहिला असता तर समजलं असतं, पण तो बल्ब अनेकांचा कधीच गेलेला असतो.

*तपासायचं असं*

१) चावी काढा, दिवे, टेप, मोबाईल चार्जर सगळं बंद करा. बॅटरी रात्रभर चार्ज करून काही तास तशीच ठेवली, तर मल्टिमीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. १२.२ म्हणजे निम्मी. चार्ज होऊनही व्होल्ट टिकत नसतील, तर बॅटरी सोडवून ठेवून बघा. सोडवलेली असतानाही उतरली, तर दोष बॅटरीचाच.

२) इंजिन चालू करून मोजा. १३.८ ते १४.४ च्या आसपास आकडा आला तर डायनामो चार्ज करतोय.

३) आता गळती. इंजिन बंद करा, निगेटिव्ह टर्मिनलची केबल सोडवा. केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये १२ व्होल्टचा ५ वॅटचा बल्ब जोडा. बल्ब पेटला तर गळती नक्की. नेमका आकडा हवा असेल तर मीटर १० अँपिअरवर लावून त्याच जागी जोडा. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नका, सेल्फ तर अजिबात मारू नका, मीटर जळेल. जुन्या ट्रॅक्टरमध्ये आकडा जवळपास शून्य हवा. पिकअपमध्ये ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतो.

४) इग्निशन स्विचचा कपलर काढा. बल्ब विझला तर दोष स्विचमध्ये. नाही विझला तर एकेक फ्यूज काढून बघा. तरीही नाही, तर डायनामोची जाड वायर सोडवा, ती सोडवताना बॅटरीची केबल काढलेली हवी. आता विझला तर डायनामोचे डायोड गेलेत. टेप आणि जादा लाइट फ्यूज सोडून थेट बॅटरीला जोडलेले असतील तर ते आधी बघा.

पॉझिटिव्ह आधी सोडू नका. काढताना निगेटिव्ह पहिला, जोडताना निगेटिव्ह शेवटी. बॅटरीजवळ विडी-काडी नको, चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

*जुगाड का नको*

कुणी म्हणेल, हंगामात एवढा वेळ कुणाकडे आहे? हे तपासायला तासभर पुरतो. कारखान्याची खेप चुकली तर अख्खा दिवस जातो आणि तोडलेला ऊस उन्हात वजन सोडतो. वेळ नाही म्हणून लोक दोन गोष्टी करतात आणि दोन्ही जिवावर बेततात.

पहिली, खाली उभं राहून पान्ह्याने सेल्फ डायरेक्ट करणं. गाडी गिअरमध्ये असेल तर ट्रॅक्टर सरळ अंगावर येतो.

दुसरी, बॅटरी वाचवायला ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांची वायर काढून टाकणं. यवत ते चौफुला, पाटस हा सोलापूर महामार्ग आहे. आपला भांडगावचा ऊस याच रस्त्याने जातो. अंधारात बिनदिव्याची उसाची ट्रॉली मागून येणाऱ्या गाडीला जवळ येईपर्यंत दिसत नाही. गळती स्विचमध्ये आणि शिक्षा टेल लाइटला, हा कुठला न्याय? दिवे आणि रिफ्लेक्टर हे कायद्याने बंधनकारक आहेतच, पण त्याआधी ते दुचाकीवरून घरी येणाऱ्या आपल्याच पोरांसाठी आहेत.

शेवटचा मुद्दा वायरमनचा. दोष शोधायचे पैसे आपण देत नाही, फक्त सामानाचे देतो. मग तो सामानच विकणार. "आधी शोध, शोधायची मजुरी वेगळी देतो" असं सांगून बघा. नवी बॅटरी हजारोंची, मल्टिमीटर काहीशे रुपयांत येतो. प्रत्येक गटाने एक घेऊन ठेवावा आणि एका तरुणाने वापरायला शिकावं.

आज रात्री गाडी लावताना चावी बंद करून काढून घ्या, आणि ट्रॉलीचे मागचे दिवे लागतात का ते पाहा. हा संदेश आपल्या गटातल्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला पाठवा.

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी, भांडगाव