निवारा कामाच्या वाटेवर हवा

मुंबई सेंट्रलवरून नागपाड्याकडे जाणारा बेलासिस रोड 1793 साली बांधला गेला. त्या वर्षी दुष्काळाने सुरतेतली माणसे देशोधडीला लागली आणि पोटासाठी मुंबई बेटावर आली. त्यांच्या हाताला काम म्हणून हा रस्ता काढला. पैसा लोकवर्गणीतून जमला. नाव मात्र मेजर जनरल बेलासिसचे लागले. रस्त्याच्या शिलालेखात ही हकिगत कोरलेली आहे. राबणारी ती माणसे रात्री कुठे पाठ टेकत होती, याची नोंद त्यात नाही.

मुंबईच्या पुढच्या सव्वादोनशे वर्षांच्या कारभारातही ही नोंद सहसा सापडत नाही. गिरण्या आल्या तेव्हा कोकणातला, घाटावरचा माणूस गाववाल्याच्या खोलीत, पाळ्यापाळ्यांनी झोपून, खानावळीत जेवून तगला. ज्याला गाववाला नव्हता, खोली नव्हती, तो फूटपाथवर आला. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रस्ते रुंद केले, दाट वस्त्या पाडल्या, आणि घरे गमावलेल्यांपैकी अनेकांना शेजारच्या आणखी दाट वस्तीत ढकलले.

बेघराविषयी राज्याने स्पष्ट भूमिका घेतली ती कायद्यात. 1945 मध्ये आणि नंतर 1959 मध्ये मुंबईत भिक्षाप्रतिबंधक कायदे झाले. 1959 च्या कायद्याने भिकाऱ्याची व्याख्या इतकी पसरट केली की उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि माणूस भटकतो आहे, एवढ्यावरही त्याला धरता येते. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत डांबून ठेवण्याची तरतूद आहे. दिल्लीलाही लागू असलेल्या या कायद्यातली गुन्हा ठरवणारी कलमे तिथल्या उच्च न्यायालयाने 2018 मध्ये घटनाबाह्य ठरवली. ज्या राज्यात तो जन्मला तिथे तो अजून उभा आहे. पालिकेची गाडी दिसली की फूटपाथवरचा माणूस आधी पळतो. ती गाडी निवाऱ्यात न्यायला आली आहे, यावर त्याने विश्वास तरी का ठेवावा?

महाराष्ट्राकडे दुसरी परंपरा होती. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या, त्या लोकांना जिथे जावेच लागते तिथे. पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, कारण वारीला आलेल्या अस्पृश्यांना दुसरीकडे दार उघडत नव्हते. पुढे दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा झाली, ती टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करोग्यांना जवळ पडावी म्हणून. माणसाची वाट आधी पाहायची आणि मग जागा धरायची, हा या कामामागचा विचार आजच्या नियोजनात हरवला आहे. त्याचे मला फार दुःख होते.

जुलै 1981 मध्ये ऐन पावसात मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फूटपाथवासीयांना हटवण्याचा हुकूम दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने ते ओळखले जाते. याचिकाकर्त्यांपैकी एक संगमनेरचा चर्मकार होता. गावचे घर पडले म्हणून तो साठच्या दशकात मुंबईत आला आणि बदली कामगार म्हणून लागला. तुळशीवाडीच्या फूटपाथवर जागा मिळावी म्हणून त्याने स्थानिक गुंडाला 300 रुपये मोजले होते. फूटपाथवर फुकट राहतात असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. जुलै 1985 मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. झोपड्या हटवायला मात्र मुभा दिली, फक्त पावसाळा संपेपर्यंत, 31 ऑक्टोबरपर्यंत, थांबायला सांगितले.

त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने मुंबईतल्या फूटपाथवासीयांची स्वतंत्र गणना केली. तिचा मोठा भाग भायखळा-नागपाड्याच्या पट्ट्यातला, म्हणजे बेलासिस रोडच्या आसपासचाच होता. त्यात दिसले ते असे: ही माणसे बहुतांशी काम करणारी होती, वर्षानुवर्षे तिथेच होती आणि चालत कामावर जात होती. बस-लोकलचे भाडे वाचते म्हणून तर फूटपाथ परवडत होता.

माझे सगळे म्हणणे या निष्कर्षावर उभे आहे. दिल्लीच्या थंडीत माणसे मेल्यावर 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही बारा महिने आणि चोवीस तास, असा दंडक घातला. 2013 नंतर राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याची योजना झाली. 2011 च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख होती, म्हणजे शंभरावर निवारे हवेत. त्या आकड्यापासून मुंबई अजून खूप दूर आहे. जागा महाग आहे, ही सबब रोज ऐकू येते. पण टाळेबंदीत पालिकेच्या शाळांत माणसे राहिली, तेव्हा जागा सापडलीच होती. दुसरी सबब, मुंबईत थंडी पडत नाही. इथे पाऊस पडतो, आणि चार महिने अंथरूण, कागदपत्रे, लेकरू सगळे भिजते.

नवे निवारा केंद्र आखणाऱ्यांनी खाटा मोजण्याआधी नाके पाहावेत. सकाळी मजुरांना कुठल्या नाक्यावर उचलतात, कचरा वेचणारी बाई माल कुठे विकते, हमाल कुठल्या बाजारात लागतो, हे वॉर्ड ऑफिसातल्या मुकादमाला ठाऊक असते. स्वस्तात मिळाली म्हणून शहराच्या टोकाला जागा घेतली, तर रोजगार बुडवून तिथे कोणी जाणार नाही; मग लोकांनाच निवारा नको आहे, असा शेरा फाइलवर पडेल. कुटुंबाला एकत्र राहता येईल अशा खोल्या, एकट्या बाईसाठी वेगळी सोय, सामानाला कुलूप, मनोरुग्ण आणि क्षयरोग्याला दवाखान्याची जोड, हे सगळे हवेच. सर्वांत निकडीचा आहे पत्ता. निवाऱ्याचा पत्ता अधिकृत मानून तिथल्याच टेबलावर आधार, रेशन कार्ड, मतदार नोंदणी आणि बँक खात्याचे अर्ज भरून घेतले, तर ते केंद्र रात्रीपुरते छप्पर राहणार नाही. अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत हा आग्रह आहेच. तो अमलात आणायला वेगळा कायदा लागत नाही.

2011 मध्ये बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. मुंबईत सुमारे 57 हजार माणसे सापडली. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख 1 मार्च 2027 आहे. तोवर न थांबता प्रत्येक वॉर्डाने यंदाच्या पावसाळ्यात आपल्या हद्दीतल्या बेघरांची रात्रीची यादी करावी, सोबत त्यांच्या कामाची जागा लिहावी, आणि निवाऱ्यासाठीची तरतूद त्या यादीवरून अर्थसंकल्पात मांडावी.