दात ही चैन नव्हे

इगतपुरी तालुक्यातील घोटी ही भाताची बाजारपेठ. आवणीच्या दिवसांत आसपासच्या पाड्यांवरील मजूर पहाटेपासून चिखलात उभे असतात. अशा वेळी दाढ ठणकू लागली तर मजूर लवंग दाबतो, मिश्री लावतो, दुकानातून गोळी आणतो आणि कामावर जातो. कारण खाडा झाला की रोज बुडाला. रुग्णालयाची पायरी तो चढतो ती गाल सुजून तोंड उघडेनासे झाल्यावर, बहुधा रात्री. दंतवैद्य नसलेल्या तातडीच्या विभागात त्याला इंजेक्शन मिळते, गोळ्या मिळतात आणि नाशिकला जाण्याचा सल्ला मिळतो. नाशिक सुमारे ३५ किलोमीटर दूर. सकाळी ठणका ओसरतो व मजूर पुन्हा शेतात जातो.

रोग मात्र तेथेच राहतो. दाताच्या मुळाशी साठलेला पू औषधाने काही काळ दबतो. दात उघडून साफ केल्याविना किंवा काढल्याविना तो जात नाही. हाच संसर्ग जबड्याखाली व गळ्यात उतरला तर श्वास कोंडून माणूस दगावू शकतो. प्रारंभी जी कीड एका बैठकीत भरता आली असती, तिच्यासाठी अखेर शस्त्रक्रिया करावी लागते.

गरिबांना दातांची निगा कळत नाही, असे सुखवस्तू वर्ग म्हणतो. पण २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे एक चतुर्थांश प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले. गुटख्यावर २०१२ पासून बंदी असूनही तो विकला जातो. हा दोष एकट्या मजुराचा कसा?

शासनाच्या योजनांची रचनाही तपासली पाहिजे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा व आयुष्मान भारतचा भर मुख्यतः रुग्णालयात दाखल करून करावयाच्या उपचारांवर आहे. कीड भरण्यासाठी कोणी दाखल होत नाही. कामगार विम्याचा १९४८ चा कायदा शेतमजुरापर्यंत पोचला नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले, हे स्वागतार्हच. परंतु जेथे दंतवैद्यच नाही तेथे निःशुल्क काय मिळणार? राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमात दंतचिकित्सेच्या खुर्चीची तरतूद आहे. पण केवळ खुर्चीने दाढ निघत नाही.

ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा दंतोपचार तिचाच भाग होते. १९५१ मध्ये मजूर पक्षाच्याच सरकारने कवळ्या व चष्म्यांवर शुल्क बसविण्याचे ठरविताच त्या सेवेचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. कष्टकऱ्याचे तोंड हे त्याच्या शरीराचाच भाग आहे, हे तत्त्व त्यांना सत्तेहून मोलाचे वाटले.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कायम दंतवैद्य व पुरेसे साहित्य असावे. आठवडे बाजाराच्या दिवशी दंतविभाग उशिरापर्यंत चालावा. दात भरणे व काढणे यांना शासकीय आरोग्य योजनांत स्थान मिळावे. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन दंतवैद्याचे पद भरले आहे काय, खुर्ची चालू आहे काय, महिन्यात किती दाढा तेथे निघाल्या व किती रुग्ण पुढे धाडले गेले, याची लेखी माहिती मागावी आणि ती ग्रामसभेत मांडावी. पुढील आवणीपूर्वी हे काम झाले पाहिजे.