परतीची तारीख

जेऊर स्टेशनच्या रस्त्याला माझं महा ई-सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा ही रोजची कामं. पण सरकारी भरतीची जाहिरात निघाली की दारात चपलांचा ढीग लागतो. २०२३ च्या तलाठी भरतीत मी रात्री अकरापर्यंत फॉर्म भरत होते. जागा ४,६४४ आणि राज्यभरातून अर्ज दहा लाखांच्या वर. खुल्या गटाला १,००० रुपये फी, राखीव गटाला ९००. घामाने ओल्या झालेल्या नोटा पोरं माझ्यासमोर मोजून ठेवायची.

फॉर्ममध्ये जन्मतारखेचा रकाना आला की समोरच्याचा आवाज खाली जातो. त्या दिवसांत एक मुलगा आला होता. पुण्यात सात वर्षं काढलेली, वय एकतीस. त्याने विचारलं, "ताई, वय बसतंय ना?" बसत होतं. त्याचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र घशाशी आला, कारण त्या खुर्चीवर मी बसून आले आहे.

२०११ च्या जूनमध्ये मी राज्यसेवेची तयारी करायला इथूनच पॅसेंजरने पुण्याला गेले. बी.ए. झालेलं, वय बावीस. सोबत एक ट्रंक, आईने दिलेल्या शेंगाचटणीचा डबा आणि वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, हातात कोंबलेले तीन हजार रुपये. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळाली. एका खोलीत आम्ही पाच जणी. सकाळी सातला अभ्यासिकेत जाऊन खुर्ची धरायची, दुपारी मेस, रात्री दहाला परत. तात्यांनी निघताना एकच विचारलं होतं, "किती दिवस लागतील?" मी म्हणाले, "वर्षभर." तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

वर्षाची पाच वर्षं झाली. २०१२ मध्ये मुख्य परीक्षेचं स्वरूप बदललं, लेखी उत्तरांच्या जागी पर्याय आले. २०१३ पासून पूर्वपरीक्षेला कल चाचणीचा पेपर सुरू झाला. प्रत्येक बदलाने मला स्वतःला सांगायला एक कारण मिळालं, की आता सगळेच नव्याने सुरुवात करणार, म्हणजे मीही नवीनच. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचले. दुसऱ्या वेळी थोडक्यात राहिलं. ते 'थोडक्यात' माणसाला सर्वांत जास्त बांधून ठेवतं. सपशेल नापास झाले असते तर कदाचित लवकर परतले असते.

माझ्या शेजारच्या कॉटवरची मैत्रीण विक्रीकर निरीक्षक झाली. त्या रात्री तिने पेढे आणले आणि मी तिला मिठी मारली. मग नळ सोडून बाथरूममध्ये अर्धा तास बसले. दुसऱ्याच्या आनंदात मनापासून सामील होता येत नाही, एवढं आपलं मन लहान झालंय, हे त्या दिवशी मला कळलं. परीक्षेने माझं काय केलं याचा पहिला हिशोब मी तिथे मांडला.

दुसरा हिशोब तात्यांच्या वहीत होता.

२०१६ च्या संक्रांतीला मी घरी आले होते. विम्याची पावती शोधताना कपाटात त्यांची लाल पुठ्ठ्याची वही हाताला लागली. केळीचे टन, मजुरी, खताच्या गोण्या यांच्या मधेमधे एक शब्द परत परत येत होता. 'पुणे'. ता. ५, पुणे, २,५००. ता. ७, पुणे, ३,०००. पुणे, पुस्तकं, १,८००. पुणे, क्लास, १२,०००. त्या क्लासने तीन महिन्यांत शिकवणं आटोपतं घेतलं होतं आणि हे मी घरी कधी सांगितलं नव्हतं. एका पानावर लिहिलं होतं, तांबडी गाय, १८,०००. त्या वर्षी फोनवर मी गायीची चौकशी केली तेव्हा तात्या म्हणाले होते, "आटली गं, म्हणून देऊन टाकली." वहीत त्याच तारखेखाली 'पुणे' होतं. मी जमिनीवर बसून बेरीज केली. २,३८,६५० रुपये.

या रकमेबद्दल तात्यांनी माझ्यापाशी कधी चकार शब्द काढला नव्हता. मीही कधी विचारलं नव्हतं. ते बोलले नाहीत, कारण पोरीचं मन मोडू नये. मी बोलले नाही, कारण बापाची आशा मोडू नये. पाच वर्षं आम्ही दोघं एकमेकांना असं जपत राहिलो आणि त्यात गाय गेली. लहानपणापासून मी ऐकत आले होते की न बोलता समजून घेणं म्हणजे माया. तरुणपणात शिकलेली सर्वांत मोठी गोष्ट मी सांगायची तर ती ही, की पैशाबद्दल आणि वेळेबद्दल घरात स्पष्ट बोलणं हीसुद्धा मायाच आहे.

त्या रात्री मी तात्यांना सांगितलं की एप्रिलअखेरपर्यंत पाहते, मग परत येते. ते वही मिटून एवढंच म्हणाले, "ये की. घर कुठं चाललंय."

आणि नेमकं एप्रिल २०१६ मध्येच शासनाने वयोमर्यादा वाढवली. खुल्या गटाला ३३ ची ३८, मागासवर्गीयांना ३८ ची ४३. अभ्यासिकेत जल्लोष झाला. मैत्रिणी म्हणाल्या, वेडी आहेस का, आता तर आणखी पाच वर्षं मिळाली. तीन रात्री मला झोप लागली नाही. ज्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता, उशिरा शिकलेल्या, नोकरी करत अभ्यास करणाऱ्या कितीतरी जणांना त्या निर्णयाने न्याय मिळाला, हे मी आजही मानते. पण माझ्यासाठी ती पाच वर्षं सरकारने दिलेली होती, ती भरायची मात्र तात्यांच्या वहीतून होती. मी मे महिन्यात ट्रंक घेऊन परत आले.

तेव्हा 'सैराट' नुकता लागला होता. आपलं गाव, आपली बोली पडद्यावर पाहून जेऊरला उधाण आलं होतं. आजही कुणाला गाव सांगितलं की समोरचा 'सैराट'चे दिग्दर्शक नागराज मंजुळेंचं नाव घेतो, आणि त्यांच्या दहावी नापास होण्याचा दाखला देऊन पोरांना सांगतो, बघ, हार मानू नकोस. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. त्या माणसाच्या वाटेकडे नीट पाहा. मराठीतून एम.ए., मग नगरला संज्ञापनाचं शिक्षण, कवितासंग्रह, 'पिस्तुल्या' हा लघुपट, मग 'फँड्री'. ते एका दारापाशी थांबून राहिलेले दिसत नाहीत. जिद्द म्हणजे एकाच दारावर डोकं आपटणं, हा अर्थ आपण आपल्या सोयीने काढला आहे.

मी हे लिहिते तेव्हा कुणी म्हणेल की सहाव्या प्रयत्नात पास होणारेही असतात. असतात. मी त्यांचे फॉर्म भरले आहेत, त्यांचे पेढे खाल्ले आहेत. पण राज्यसेवेची जी पूर्वपरीक्षा मार्च २०२१ मध्ये झाली, तिच्यात २०० जागा होत्या आणि उमेदवार अडीच लाखांहून जास्त. ती परीक्षा तोंडावर आली असताना पुढे ढकलली, तेव्हा ११ मार्चला पुण्याच्या रस्त्यावर पोरं उतरली. टीव्हीवर ते चेहरे पाहताना मला त्यांचा राग समजत होता. ज्याने परतीची तारीख ठरवलेली नाही, त्याच्यासाठी परीक्षेची तारीख हेच सगळं आयुष्य होऊन बसतं. ठरवलेली तारीख पुढे नेऊ नये असं मी म्हणत नाही. जरूर न्यावी. पण परत एकदा घरात बसून, वही उघडून, दोघांनी मिळून.

मुलींच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट मला ठणकावून सांगायची आहे. त्यांना तारीख असते, पण ती लग्नाची. माझ्या नात्यातल्या एका हुशार मुलीला अवघ्या एका वर्षात परत आणली, कारण स्थळ चांगलं होतं. हा तारीख ठरवण्याचा प्रकार नव्हे. तारीख तिने सांगायची असते, घरच्यांनी ऐकायची असते. मुलाला सात वर्षं आणि मुलीला एक, हा अन्याय आहे आणि तो आपल्या तालुक्यात सर्रास होतो.

परतल्यावर पहिलं वर्ष वाईट गेलं. "काय झालं मग पुण्याचं?" हा प्रश्न किराणा दुकानापासून हळदीकुंकवापर्यंत सगळीकडे होता. सुरुवातीला मी कारणं सांगायची. मग एके दिवशी म्हणाले, "नाही जमलं, काकू." त्यापुढे कुणी काही विचारलं नाही. ही तीन शब्दांची गोष्ट शिकायला मला पाच वर्षं लागली होती. पुण्यातला अभ्यास मात्र वाया गेला नाही. कायद्याचं कलम, योजनेचा निकष, अर्जातली बारीक अट मला चटकन कळते, त्यावरच हे केंद्र चालतं. धाकट्या भावाच्या केळीच्या निर्यातीचा हिशोबही मीच ठेवते.

गावोगावी पास झालेल्यांचे फलक लागतात, सत्कार होतात. ते व्हावेतच. पण परत आलेल्यांसाठी ग्रामपंचायतीने, शाळेने, तालुक्याच्या पुढाऱ्यांनी काय केलं? इतिहास, अर्थशास्त्र, राज्यघटना वाचलेली ही पोरं गावात आहेत. त्यांना गावच्या अभ्यासिकेत शिकवायला, पाणी वापर संस्थेचा हिशोब पाहायला, ग्रामसभेत बोलायला बोलवा.

आणि आईवडिलांना हात जोडून सांगते. यंदा तुमचं लेकरू पुण्याला निघालं असेल, तर ट्रंक भरण्याआधी एका रात्री सगळे मिळून बसा. किती वर्षं, महिन्याला किती पैसे, आणि नाही जमलं तर पुढे काय, हे त्याच्याकडूनच वहीत लिहून घ्या. खाली तुम्हीही सही करा.

तात्यांची वही आता माझ्या केंद्रात, टेबलाच्या खणात असते. विचारलंत तर दाखवीन.