कुंपणाबाहेरची कबर

युरोपातल्या जुन्या खेड्यांत चर्चच्या आवारातच दफनभूमी असायची. तिला दगडी कुंपण. कुंपणाच्या आत सारं गाव निजलेलं. सावकार, शेतकरी, चांभार, शाळामास्तर... जिवंतपणी बांधावरून भांडलेले, आता शेजारी शेजारी. प्रत्येकाच्या उशाशी क्रूस. पण कुंपणाबाहेर, गवतात, एखादा उंचवटा दिसायचा. त्यावर ना क्रूस, ना नाव. तिथं दरोडेखोर पुरलेला असेल, असं कुणाला वाटेल. पण दरोडेखोरानं मरताना पाप कबूल केलं, तर त्याला कुंपणाच्या आत जागा मिळू शकत होती. बाहेर असायचा तो जगणं असह्य होऊन स्वतःच्या हातानं आयुष्य संपवलेला कुणी तरी अभागी.

त्याच्यासाठी घंटा वाजत नसे. धर्मगुरू येत नसे. प्रार्थना होत नसे. इंग्लंडात तर अशा माणसाला चौरस्त्यावर पुरून छातीतून खुंटा ठोकण्याची रीत होती. ती १८२३च्या कायद्यानं बंद झाली. त्या कायद्यानं चर्चच्या दफनभूमीत जागा दिली, पण कशी? रात्री नऊ ते बारा या वेळात आणि कोणत्याही धर्मविधीशिवाय! म्हणजे आईनं मुलाला मातीआड करायचं, तेही चोरासारखं, अंधारात. ही अट जायला १८८२ साल उजाडावं लागलं.

गेलेला तर गेला. त्याला ना अपमान कळत होता, ना अंधार. शिक्षा भोगत होती ती मागं राहिलेली बायको, आई, पोरं. ज्या धर्मानं देवाच्या क्षमेची गोष्ट जगाला सांगितली, त्याच धर्माच्या दारात ही माणसं हात जोडून उभी राहायची आणि दार उघडत नसे.

हा नियम आला कुठून? गंमत अशी, की तो क्रूरतेतून आला नाही. तो दयेतून आला.

इ. स. ४१० साली गॉथ टोळ्यांनी रोम लुटलं. लुटीत अनेक स्त्रियांवर अत्याचार झाले. जुन्या रोमन संस्कारांत अशा स्त्रीपुढं एकच आदर्श ठेवलेला होता, ल्युक्रेशियाचा. अत्याचारानंतर तिनं जीव दिला आणि ती सतीसावित्री ठरली. मग प्रश्न विचारला जाऊ लागला, ‘या ख्रिस्ती बायका जिवंत कशा राहिल्या?’ त्याला उत्तर दिलं उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो इथल्या बिशप ऑगस्टीननं. ‘देवाचं नगर’ या आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात त्यानं या स्त्रियांची बाजू घेतली. पावित्र्य मनाचं असतं. दुसऱ्यानं केलेल्या पापानं ते डागाळत नाही. ज्यांनी गुन्हाच केला नाही, त्यांनी स्वतःला देहदंड का द्यावा? ‘खून करू नकोस’ या आज्ञेत स्वतःचा जीवही येतो, हे त्याचं प्रतिपादन अशा वेळचं आहे. घाबरलेल्या, लाजेनं मान खाली घातलेल्या बायांना ‘तुम्हाला मरायची गरज नाही’ हे सांगण्यासाठी तो नियम उभा राहिला होता. तो जगण्याचा परवाना होता.

पण नियमांचं एक असतं. ज्या दुःखासाठी ते जन्मतात, ते दुःख लोक विसरतात आणि नियम तेवढा लक्षात ठेवतात.

ऑगस्टीननंतर सव्वाशे-दीडशे वर्षांत, ५६१ साली ब्रागा इथल्या धर्मपरिषदेनं ठरवलं, की आत्महत्या करणाऱ्यांसाठी प्रार्थना करायच्या नाहीत, स्तोत्रं म्हणायची नाहीत. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या थोर पंडितानं त्याला तर्काची भक्कम चौकट दिली. असा माणूस निसर्गाविरुद्ध, समाजाविरुद्ध आणि देवाविरुद्ध अपराध करतो. शिवाय त्याला पश्चात्तापालाही वेळ उरत नाही. इंग्लंडच्या चर्चनं १६६२च्या प्रार्थनापुस्तकात स्पष्ट लिहिलं, की बाप्तिस्मा न झालेले, बहिष्कृत आणि स्वतःचा जीव घेतलेले यांच्यासाठी हा अंत्यविधी वापरू नये. रोमन कॅथलिक चर्चच्या १९१७च्या धर्मसंहितेतही जाणूनबुजून जीव देणाऱ्याला, मरणापूर्वी पश्चात्तापाची काही खूण दिसली नसेल तर, ख्रिस्ती दफन नाकारलेलं होतं.

नियम असा कडक झाला, की पळवाटा फुटतातच. आणि पळवाट नेहमी पैसेवाल्याला आधी सापडते. शेक्सपियरनं हे चारशे वर्षांपूर्वी नेमकं टिपलं. ‘हॅम्लेट’मधली ऑफेलिया पाण्यात बुडून जाते. मरण संशयास्पद, म्हणून धर्मगुरू विधी आखडता घेतो. पण तिची कबर खणणारे दोघे आपसांत वेगळंच बोलतात. ही बाई मोठ्या घरची नसती, तर तिला ही जागा तरी मिळाली असती का?

नाटकातलं सोडा. १८२२च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅसलरे यांनी जीवन संपवलं. चौकशीत ‘बुद्धिभ्रमाच्या भरात’ असा निर्णय झाला आणि त्यांचं दफन वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये झालं, राजेरजवाड्यांच्या सोबतीनं. त्यांचं मन खरोखरच ढासळलेलं होतं. तेव्हा ती दया अस्थानी नव्हती. पण तीच दया, त्याच काळात, ज्याच्यासाठी बोलणारं कुणी नव्हतं, त्या गरिबाच्या वाट्याला यायलाच हवी होती. ती येईलच याची हमी नव्हती. कित्येक ठिकाणी पंचांनीही शहाणपण केलं. खरं काय ते ठाऊक असूनही ‘वेडाच्या भरात’ असं लिहून त्यांनी घरच्यांना वाचवलं. नियम पाळण्यासाठी माणुसकीला खोटं बोलावं लागलं. ज्या नियमाला असा रोज खोटेपणाचा टेकू लागतो, त्याचं काही तरी बिनसलेलंच असतं.

तरीही नियमवाल्यांची बाजू ऐकायला हवी. ते काही दगडाच्या काळजाचे नव्हते. त्यांचं म्हणणं असं : धाक आहे म्हणून काही जण कड्यावरून मागं फिरतात. उद्या या मरणालाही तीच घंटा, तेच स्तोत्र, तीच फुलं मिळाली, तर खचलेल्या पोराला वाटेल, यात वावगं काही नाही. आयुष्य देवानं दिलेली ठेव आहे, ती मोडायची नसते, हे कुणी तरी ठणकावून सांगायला नको का?

हे म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण त्यात एक गफलत आहे. कड्यावर उभा असलेला माणूस दफनभूमीच्या नकाशाचा विचार करत नसतो. त्याला कुणाशी तरी बोलायचं असतं. आणि ज्या गावात अशा मरणाची शिक्षा सगळ्या घराला होते, त्या गावात कुणी बोलतच नाही. घरचे ‘पाय घसरला’ म्हणतात, ‘चुकून औषध घेतलं’ म्हणतात. शेजारी मान डोलावतात. धाकानं मरण थांबतं की नाही कोण जाणे, बोलणं मात्र नक्की थांबतं.

आर्सच्या धर्मगुरूची गोष्ट इथं आठवते. जाँ-मारी व्हियाने (१७८६-१८५९) हा फ्रान्समधल्या आर्स नावाच्या खेडेगावाचा पाद्री. नियमांच्या बाबतीत एकदम कडक. गावातल्या दारूच्या गुत्त्यांवर आणि नाचगाण्यांवर त्यानं असा हल्ला चढवला, की लोक कावले. पण पापांची कबुली द्यायला दूरदूरहून माणसं यायची ती याच्याकडंच. त्याच्या चरित्रात एक प्रसंग सांगितला जातो. गर्दीत काळ्या कपड्यांतली एक विधवा उभी होती. तिच्या नवऱ्यानं पुलावरून उडी घेतली होती. तो कायमचा नरकात गेला, या विचारानं ती अर्धी झाली होती. तिनं तोंड उघडण्याआधीच जाता जाता व्हियाने तिच्या कानाशी थांबला. म्हणाला, तो वाचला आहे. पुलाचा कठडा आणि पाणी यांच्यामध्ये त्याला पश्चात्तापापुरता वेळ होता.

त्यानं नियम मोडला का? मुळीच नाही. पश्चात्तापाशिवाय क्षमा नाही, हे त्यालाही मान्यच होतं. फक्त त्या एका क्षणात काय घडलं, हे आपल्याला दिसत नाही, ते देवाला दिसतं, एवढंच त्यानं मान्य केलं. अक्वायनसनं म्हटलं, वेळ उरत नाही. व्हियानेनं म्हटलं, देवाला तेवढा वेळ पुरतो. कृपा म्हणतात ती हीच. ती नियम पुसत नाही. निकाल देण्याची घाई तेवढी करत नाही.

त्या विधवेला मिळालं ते सगळ्यांना मिळायला मात्र विसावं शतक सरत यावं लागलं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८३ साली नवी धर्मसंहिता जारी केली. दफन कुणाला नाकारावं, याची यादी तीतही आहे. पण त्या यादीत आत्महत्या करणाऱ्यांचं नाव नाही. ना डांगोरा, ना माफीनामा. एक ओळ गाळली आणि शतकानुशतकांचं कुंपण पडलं. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथानं पुढचं पाऊल टाकलं. जीव देवाचा आहे, माणूस त्याचा राखणदार आहे, तेव्हा तो संपवणं चूकच, हे त्यात आजही ठामपणे म्हटलेलं आहे. पण लगेच हेही, की मनाचा गंभीर आजार, यातना, भीती यांमुळं माणसाची जबाबदारी कमी होते. अशांच्या तारणाची आशा सोडू नये. चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं.

इंग्लंडच्या चर्चला आणखी वेळ लागला. तिथले कितीतरी पाद्री जुना नियम बाजूला ठेवून अंत्यविधी करतच होते. नियम पुस्तकात आणि माणुसकी पायरीवर, असा प्रकार. अखेर २०१५ साली त्यांच्या जनरल सिनॉडनं, म्हणजे सर्वोच्च धर्मसभेनं, हा नियम बदलण्याच्या बाजूनं कौल दिला.

शब्बाथच्या दिवशी भुकेल्या शिष्यांनी शेतातली कणसं मोडली, तेव्हा नियमाचे पहारेकरी येशूवर धावून आले होते. शब्बाथ माणसाच्या भल्यासाठी आहे, हे त्यानं त्यांना समजावलं. त्याच्याच नावानं चालणाऱ्या संस्थेला ते समजायला इतकी शतकं लागावीत, हा दैवदुर्विलास. पण समजलं, हेही थोडं नाही.

हे दुसऱ्याच्या घरातलं म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. मनुस्मृतीनंही आत्मघात करणाऱ्याला तिलांजलीचं पाणी नाकारलंच होतं. मग अपमृत्यूसाठी नारायणबळीचा विधी आला आणि शास्त्रानंच शास्त्राच्या कुंपणाला एक दार ठेवलं. आजही त्र्यंबकेश्वरला त्या विधीसाठी लोक येतात. कायद्याचीही तीच कथा. भारतीय दंडविधानाचं ३०९ कलम जीव द्यायला निघालेल्या आणि वाचलेल्या माणसाला तुरुंगात धाडू शकत होतं. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ साली ते घटनाबाह्य ठरवलं आणि १९९६ साली पुन्हा वैध ठरवलं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं सांगितलं, की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालावं. त्याला शिक्षा नको, उपचार हवेत. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा गुन्हा उरलेला नाही. अपवाद एकच : सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न.

म्हणजे पुस्तकं बदलली. माणसं बदलली का? २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ७० हजार ९२४ जणांनी आयुष्य संपवल्याची सरकारी नोंद आहे. त्यांतले २२ हजार ७४६ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. तेवढी घरं. त्यांत सर्व धर्मांची घरं आली. वसई असो, गोवा असो की नागपूर, अशा घरात दफन किंवा दहन नीट होतंही. पण तेराव्या दिवसानंतर किंवा महिन्याच्या मिस्सेनंतर लोक त्या दारावरून जरा लांबूनच जातात. मुलीच्या स्थळाची चौकशी करताना आवाज खाली येतो. ‘काय झालं होतं नेमकं?’ हा प्रश्न सांत्वनाच्या सुरात विचारला जातो, पण त्यात चौकशीची धार असते. दगडाचं कुंपण पडलं तरी नजरेचं कुंपण उभंच राहतं.

ते पाडायला ना पोप लागतो, ना संसद. अशा घरी पहिल्या दिवशी जावं, ‘का’ विचारू नये, चहा करून द्यावा, गेलेल्याचं नाव नेहमीसारखं घ्यावं. आणि घरातलं कुणी अबोल झालं असेल, जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलत असेल, तर त्याला उपदेश करण्याआधी त्याचं ऐकावं. सरकारची ‘टेलीमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. तो फोन लावून द्यायला कुणाचीही परवानगी लागत नाही.

फ्रान्समध्ये व्हेझले इथं बाराव्या शतकातलं एक भव्य चर्च आहे. त्यातल्या एका खांबाच्या माथ्यावर दोन शिल्पं आहेत. एका बाजूला मेलेला यहूदा, येशूला दगा देऊन नंतर स्वतःचा जीव घेणारा. दुसऱ्या बाजूला एक माणूस त्याचं कलेवर खांद्यावर घेऊन चालला आहे. तो कोण, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पोप फ्रान्सिस २०१६ साली रोममध्ये या शिल्पाविषयी बोलले होते. त्यांना त्या माणसात हरवलेलं मेंढरू खांद्यावर घेणारा मेंढपाळ दिसला, म्हणजे येशूच.

बाहेर गावोगावी अशा मृतांना कुंपणापलीकडं टाकलं जात होतं, त्याच काळात कुणा अनामिक पाथरवटानं चर्चच्या आत, खांबावर, हे कोरून ठेवलं. साऱ्या धर्मपंडितांच्या डोक्यावर. त्यांनी मान वर करून पाहण्याचाच काय तो अवकाश होता.