पडदा गुंडाळल्यावर

हिरोशिमा दिन आला की शाळांतून कागदी बगळे होतात, एखादी फेरी निघते आणि धुराच्या छत्रीचा तोच फोटो वर्तमानपत्रांत छापला जातो. बॉम्ब पडल्याला ८० वर्षे उलटली. तो अंगावर झेललेल्यांपैकी हयात असलेल्यांचे सरासरी वय पंचाऐंशीच्या पुढे गेले आहे. त्यांच्या ‘निहोन हिदानक्यो’ या संघटनेला २०२४चे शांततेचे नोबेल मिळाले, ते मुख्यतः साक्ष देत राहिल्याबद्दल. शाळेच्या वर्गात, सभागृहात, परदेशी पाहुण्यांपुढे ही माणसे तीच आठवण पुन्हा पुन्हा सांगत आली. सांगणारा आणि ऐकणारा समोरासमोर असले की ऐकणाऱ्याला उठून जाणे अवघड होते. युद्धावरच्या माहितीपटाचेही आमच्या मते तसेच आहे. तो चार माणसांत बसून पाहायचा असतो आणि संपल्यावर लगेच उठायचे नसते.

आपल्याकडे या निमित्ताने दाखवण्यासारखा चित्रपट हाताशी आहे. माहितीपटकार आनंद पटवर्धन यांचा ‘जंग और अमन’ २००२ मध्ये पुरा झाला. ११ मे १९९८ला, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, पोखरणला अणुचाचण्या झाल्या. त्याच महिन्यात पाकिस्तानने चगाईत उत्तर दिले. दोन्हीकडे पेढे वाटले गेले. पटवर्धन कॅमेरा घेऊन भारत, पाकिस्तान, जपान आणि अमेरिका असे फिरले. अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धनांसारखे स्वातंत्र्यसैनिक काका ज्या घरात होते, त्या घरातल्या मुलाने हा चित्रपट गांधीहत्येपासून सुरू करावा, हे ओघानेच आले. पुढे चाचणीच्या जागेजवळचे गावकरी येतात, युरेनियमच्या खाणींभोवतीचे आदिवासी येतात, हिरोशिमाचे वृद्ध येतात.

सेन्सॉर बोर्डाला हे मानवले नाही. आधी काही कट सुचवले गेले, मग त्यांची संख्या वाढत गेली. पंतप्रधानांसह सगळ्या राजकीय नेत्यांची दृश्ये आणि भाषणे काढून टाका, अशीही एक मागणी होती. अणुबॉम्बवरचा चित्रपट, पण त्यात तो फोडणारे कोणीच दिसायचे नाहीत! अखेर २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एकही कट न देता चित्रपट मोकळा केला. त्याच सुमारास मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवाने भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली. ती विरोधामुळे मागे घेतली गेली, पण गैरसोयीचे चित्रपट निवडीतच गळाले. तेव्हा फेब्रुवारी २००४ मध्ये माहितीपटकारांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा स्वतःचा महोत्सव भरवला. पुढे ‘विकल्प’चे खेळ पृथ्वी थिएटरमध्येही होऊ लागले, चित्रपटानंतरच्या प्रश्नोत्तरांसह. पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’साठी तर मुंबईच्या वस्त्यांत उघड्यावर पडदे बांधले गेले.

‘जंग और अमन’मधला आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रसंग लहानसा आहे. पाकिस्तानातल्या एका शाळेत मुलींची वादविवाद स्पर्धा चालू आहे. मुली बॉम्बच्या बाजूने तावातावाने बोलतात, टाळ्या घेतात. नंतर कॅमेऱ्यापुढे गप्पा मारताना मात्र त्यांचा सूर उतरतो; टाळ्या कशाला पडतात हे त्यांना पक्के ठाऊक असते. या चित्रपटात उपदेश पुष्कळ आहे, निवेदन जागोजागी प्रेक्षकाचे बोट धरते आणि लांबीही सोसत नाही. त्या मुलींपाशी मात्र निवेदकाला काही सांगावे लागत नाही. माणूस व्यासपीठावर एक बोलतो आणि खाली उतरल्यावर दुसरे, हे तिथे नुसते दिसते. चित्रपटानंतरची चर्चा व्हायला हवी ती याच ‘खाली उतरल्यावर’च्या आवाजासाठी.

मे २०२५ मधले भारत-पाकिस्तान संघर्षाचे चार दिवस आठवावेत. सीमेवर खरी माणसे मरत होती आणि काही वृत्तवाहिन्यांच्या स्टुडिओत सायरन वाजत होते. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची धादांत खोटी बातमी एका रात्री घराघरांत पोचली. फोनवर एकट्याने पाहणाऱ्याला ‘अहो, हे खरे कशावरून?’ असे विचारणारे शेजारी कोणी नव्हते. सभागृहात कोणी तरी विचारतोच. बहुधा मागच्या रांगेतला, आणि बहुधा संयोजकांना नको असलेला.

खरी अडचण इथेच आहे. आपले खेळ बहुतेक वेळा आपल्याच माणसांसाठी होतात. मुंबई-पुण्याच्या ठरलेल्या सभागृहात ठरलेली दीडशे डोकी जमतात, चित्रपटाआधीच सहमत असतात आणि चहा पिऊन आणखी सहमत होऊन घरी जातात. दुसऱ्या बाजूचे लोक दंगा करायला येतात किंवा येतच नाहीत. दंगेखोरांपुढे खेळ आवरता घेणारे पोलीस दोषी आहेतच. पण प्रामाणिकपणे असहमत असलेल्या माणसाला आपण निमंत्रणपत्रिका तरी पाठवली होती का?

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जाणाऱ्या या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात पडलेल्यांचे स्मारक तिथे आहे. सातारा-कोल्हापूर पट्ट्यात अशी घरे गावोगाव सापडतील. ‘जंग और अमन’चा खेळ अशा गावात, ग्रामपंचायतीपुढच्या मैदानात लावून पाहावा. माजी सैनिक त्यातल्या कितीतरी गोष्टींवर चिडतील. काही बाबतींत ते बरोबरही असतील: सीमेवर उभे राहणे म्हणजे काय, हे पडद्यापेक्षा त्यांना अधिक ठाऊक आहे. पण बॉम्बच्या घोषणा देणाऱ्यांपैकी कितीजण आपला मुलगा भरतीला पाठवतात, हा प्रश्नही त्याच मैदानात निघेल, आणि तो विचारण्याचा हक्क या माजी सैनिकांइतका कोणालाच नाही.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आपल्याकडे आजही चालते. तेव्हा बसून ऐकण्याची सवय महाराष्ट्राला नवी नाही. प्रतिवाद ऐकून घेण्याची मात्र लावून घ्यावी लागेल. त्यासाठी अध्यक्ष, प्रास्ताविक, सत्कार आणि नारळ यांना रजा द्यावी. पहिला प्रश्न बायकांकडून येऊ द्यावा. गावातल्या वीरपत्नींना बोलायचे असेल तर घड्याळ दाखवू नये, आणि बोलायचे नसेल तर आग्रह करू नये. चित्रपट दोन तासांहून मोठा आहे, म्हणून खेळ अंधार पडताच सुरू करावा. शहरात लावायचा तर सभागृहाचे भाडे अकरापर्यंतचे भरावे. दहाला दिवे घालवणारा शिपाई दारात उभा राहिला की लोक मुद्द्यावर येण्याच्या आतच चपला शोधू लागतात.