रात्री राहतो कोण?

पेठांमधले कारखाने आणि गोडाऊनं शहराबाहेर हलवा, म्हणजे पेठा पुन्हा राहण्यासारख्या होतील, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पाठ झालंय. बोलणारा बहुतेक वेळा कोथरूडला नाहीतर बावधनला राहत असतो. त्याचं बालपण पेठेत गेलेलं असतं आणि त्या बालपणात म्हणे सगळीकडे नुसती तुळशीवृंदावनं आणि पारिजातक होते.

नव्हते हो. आळ्यांची नावंच बघा ना. तांबट आळी, बुरूड आळी, कासार आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा. पेशवाईत कोकणातून तांबट आले आणि कसबा पेठेत बसले, ते हातोड्या घेऊनच. खाली ठोकायचं, वर झोपायचं. गायकवाड वाडा तर खास राहण्यासाठी बांधलेला. टिळकांनी तो घेतल्यावर तिथे 'केसरी'चा छापखाना आला आणि टिळकही तिथेच राहिले. छापखाना आला म्हणून वाडा बिघडला, असं आजवर कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही!

तांबट आळीत अजून काही घरांतून ठोक्यांचा आवाज येतो. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके मारत जायचं, म्हणजे पत्रा कडक होतो आणि अंगावर ते चमचमते पैलू उमटतात. याला म्हणतात मठारकाम. स्टीलची भांडी आली, गॅसचे गीझर आले आणि घरोघरचे बंब माळ्यावर गेले. तरी हे लोक टिकले. आता दिवे, पेले, शोभेच्या वस्तू घडवतात. गंमत पुढेच आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि औद्योगिक भागात ७५. आता ज्या घराच्या ओट्यावर ठोकाठोक चालते आणि माडीवर पोरं अभ्यास करतात, ते घर नकाशात कुठल्या रंगाने रंगवायचं? नियम करणाऱ्यांच्या डोक्यात असं घर नव्हतंच. पुणं मात्र दोन-अडीचशे वर्षं अशाच घरांवर चाललं.

म्हणून कारखाना पेठेत घुसला, ही तक्रार मला पटत नाही. माझी तक्रार उलटी आहे. राहणारे उठून गेले आणि त्यांच्या जागी माल राहायला आला.

आमच्या वाड्याकडेच बघा. (नातेवाईक मंडळी, हा भाग तुमच्यासाठी आहे. सुटका नाही.) तपकीर गल्लीच्या मागच्या बाजूला, बुधवार पेठेत, एके काळी अकरा बिऱ्हाडं होती. आज तिथे वायरची बंडलं राहतात. पंख्यांचे खोके राहतात. दत्ताच्या कोनाड्यासमोर पीव्हीसी पाइपांची थप्पी आहे. हे काही एका दिवसात झालं नाही आणि कुणा एकाच्या लोभानेही झालं नाही. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. त्या भाड्यात मालक कौलंही फिरवू शकत नव्हता, आणि भाडेकरू एवढी स्वस्त जागा सोडायला तयार नव्हता. मग १९६१ला पानशेत फुटलं. नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या आणि सहकारनगर, गोखलेनगरकडे माणसं वसली. बाहेरही राहता येतं, हे पेठकरांना कळलं ते तेव्हा. आमची आई कोथरूडच्या फ्लॅटमध्ये गेली तेव्हा पहिले आठ दिवस नळ उघडून नुसती बघत बसायची. माडीवर आयुष्यभर घागरी चढवलेल्या बाईला "तू पेठ का सोडलीस" असं विचारायची माझी हिंमत नाही.

पण त्या रिकाम्या खोल्यांत साठा भरला, तिथे गणित बिघडलं. वर्कशॉपमध्ये निदान माणूस असतो. काही जळल्याचा वास आला तर त्याला येतो. गोडाऊनला माणूस लागत नाही, कुलूप लागतं. २५ मे २०२३च्या पहाटे भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला मोठी आग लागली आणि लगतच्या घरांनाही झळ बसली. आमच्याकडे लाकडी वाडा, आत पुठ्ठा आणि प्लास्टिक, आणि बोळ असा की बंब (हा अग्निशमनवाला) तोंडाशीच थांबणार. आणि रात्री दहानंतर वाड्यात कोण? एक मांजर.

आता वाडा पाडून नवीन इमारत व्हायची बोलणी चालू आहेत. पाच मजले, सगळे गोडाऊनला द्यायचे असं बहुमत दिसतंय. डिपॉझिट चांगलं मिळतं, कटकट नाही, हे मला मान्य आहे. पार्किंग नाही म्हणून तिथे राहायला कोण येणार, असंही विचारलं गेलं. अहो, २९ सप्टेंबर २०२४पासून कसबा पेठ आणि मंडई अशी मेट्रोची दोन स्टेशनं हाकेवर आहेत. आणि गाडी नसलेली माणसंही पुण्यात राहतात, ती आपल्या ओळखीची नसतील एवढंच.

माझं म्हणणं असं. तळमजल्यावर दुकानं, पहिल्यावर वर्कशॉप, खुशाल. साठा शहराबाहेर. वरचे तीन मजले राहण्यासाठीच. मोटर रिवाइंडिंगचं काम करणारा आपला जुना भाडेकरू रोज लोणी काळभोरहून येतो. सकाळचा दीड तास, संध्याकाळचा दीड तास. त्याची बायको-मुलं घेऊन तो यायला तयार आहे. मी विचारून ठेवलंय. माझ्या वाटणीच्या दोन खोल्या मी त्यालाच भाड्याने देणार, आणि गोडाऊनच्या कागदावर माझी सही होणार नाही. बाकीच्यांनी आपापलं काय ते दिवाळीच्या आत कळवावं. फोनवर नको, लेखी.